कपाटातला वॉचमन

४ फेब्रुवारी

प्रिय बारक्या,

फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. पत्राचं बरं असतं, ते वाजत नाही आणि बंदही करता येत नाही.

सोबतच्या खोक्यात डिस्क आहेत. गठ्ठे दोन केलेत. एकाला एक रबर लावलंय, दुसऱ्याला दोन. एका रबराचा गठ्ठा आधी बघायचा, आणि लवकर बघायचा. दोन रबरांचा सावकाश ऐकलास तरी चालेल. आधी रंगीत चिठ्ठ्या लावणार होते, मग म्हटलं, बोटांना कळेल असं काहीतरी करावं. हे वाचून तू वैतागणार हे मला माहीत आहे. वैताग, निदान काहीतरी करशील.

तुझ्या ऑफिसात फोन केला होता. तुझे साहेब म्हणाले, त्याने काम सोडून बरेच दिवस झाले. जाहिरातींच्या एडिटिंगला असा हात पुन्हा मिळायचा नाही, असंही म्हणाले. एका साबणाच्या जाहिरातीत बाईचा अर्धा चेहरा फ्रेमच्या बाहेर राहिला आणि तुला तो दिसलाच नाही, हेही त्यांनी सांगितलं. मी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, साबण तर दिसत होता ना, आणि फोन ठेवला.

तू माझ्यावर का चिडलायस ते मला ठाऊक आहे आणि मी त्याबद्दल माफी मागणार नाही, हे पहिल्याच पत्रात सांगून टाकते. डॉक्टरांनी आपल्या दोघांचे डोळे तपासले. बाबांचं दुखणं तुझ्याकडे आलं, माझ्याकडे आलं नाही. मी बाहेर बाकावर येऊन बसले आणि मला हसू फुटलं. तू आत असशील असं वाटलं होतं, तर तू दारात उभा. तेव्हा तुझं फक्त बाजूचं दिसणं कमी झालं होतं, समोरचं सगळं स्वच्छ दिसत होतं, आणि मी बरोबर समोर बसले होते. बारक्या, माणूस सुटला की हसतो. त्यात तुला हसायचं नसतं. पण तू पाठ फिरवलीस ती फिरवलीसच.

असो. शिफारशी.

एका रबराच्या गठ्ठ्यात सगळ्यात वर तो वेटरचा सिनेमा आहे, ज्यात पहिला अर्धा तास कोणी एक शब्द बोलत नाही. तो आत्ताच बघ. बशा कशा पडतात त्यापेक्षा पडायच्या आधी त्या माणसाच्या मानेकडे बघ. त्याचे वरचे दोन दात खोटे आहेत, चांगले बसवलेत. मी दिवसभर कवळ्या करते, मला पडद्यावर माणसं नाही, दात दिसतात, हे तू नेहमी म्हणायचास. त्याच्या खाली ती मालिका, हरवलेल्या सामानाच्या ऑफिसातली. तिसऱ्या भागात मागच्या फळीवर एक छत्री आपोआप उघडते आणि पुढे बोलणाऱ्या दोघांना पत्ता नसतो. असल्या मागच्या गमती नंतर ऐकून मिळायच्या नाहीत, म्हणून त्या आधी.

दोन रबरांत कॉमेंटरीवाल्या डिस्क आहेत. सिनेमा चालू असताना तो करणारी माणसं वरून गप्पा मारतात, त्याला कॉमेंटरी म्हणतात, हे तूच मला शिकवलंस. मी विचारलं होतं, सिनेमा चालू असताना बोलणाऱ्यांना आपण थिएटरात गप्प बसवतो, यांना विकत का घ्यायचं? तू म्हणालास, ताई, ही माणसं आपल्याशी बोलत नाहीत, एकमेकांशी बोलतात, आपल्याला फक्त शेजारी बसू देतात. तेव्हा मला ते फार आगाऊपणाचं वाटलं होतं.

आईचं खुब्याचं हाड सांधलंय, वॉकर घेऊन घरात फिरते. तिला एकटं सोडता येत नाही, आणि तू येऊ नकोस म्हणून फोनवर निरोप ठेवलायस. म्हणून मी येत नाही आणि खोकं येतंय.

ताई


२३ फेब्रुवारी

प्रिय बारक्या,

खोकं पोचलं. कुरियरवाल्याने सहीचा फोटो पाठवला, त्यात तुझी सही चौकटीच्या बाहेर जाऊन पत्त्यावर चढलीये. मी तो फोटो आईला दाखवला नाही.

तू काही कळवत नाहीस, तेव्हा मी आपली पुढच्या शिफारशींची तयारी केली. ती कशी केली ते सांगते. दुपारी दातांच्या प्रयोगशाळेतून लवकर आले, हाताला लागलेलं साच्यांचं प्लास्टर धुतलं, डोळ्यांवर टॉवेल बांधला आणि टीव्हीसमोर बसले. म्हटलं, कुठली विनोदी मालिका नुसत्या कानांनी हसवते ते स्वतः बघावं. (बघावं. मराठीत डोळ्यांशिवाय एक वाक्य लिहिणं किती कठीण आहे, ते मला अलीकडे कळतंय.) मध्येच आई वॉकर आपटत आली.  समोरच्या टेबलावरचा चहाचा कप तिने माझ्या हातात दिला, बोटं नीट दांड्यावर ठेवून दिली, जशी बाबांची ठेवायची. मी टॉवेल काढला नाही, कारण काढला असता तर तिला माझे डोळे दिसले असते.

तर निकाल असा. दवाखान्यातली मालिका बाद. सगळे विनोद चेहऱ्यावर, कान कोरडे. वकील नवरा-बायकोची मालिका पहिल्या नंबराने पास, दोघं एकमेकांना बोलूच देत नाहीत. फक्त दर भागात एकदा लोक हसतात आणि आपल्याला कळत नाही का. त्या वेळी फार एकटं वाटतं. बाबांना रोज असं होत असणार.

कॉमेंटऱ्यांचं सांगते, खोकं पाठवण्याआधी मी त्या ऐकल्या होत्या. बोटीवरच्या लग्नाचा सिनेमा आहे, त्याचा दिग्दर्शक दोन तास जेवण कसं वाईट मिळायचं ते सांगतो. ती फेकून दे. त्या म्हाताऱ्या नटीची मात्र ठेव. ती प्रत्येक माणूस पडद्यावर आला की म्हणते, हा गेला, ही गेली, हा आहे पण बोलत नाही माझ्याशी. शेवटी सगळे एकत्र नाचतात तिथे ती गप्पच बसते आणि नुसतं गाणं ऐकू येतं. ती ऐकताना मला तुझा राग आला. आहे पण बोलत नाही, यात कसली मजा आहे?

सगळ्यात चांगली कॉमेंटरी एका कॅमेरामनची आहे. रटाळ सिनेमा, चोर आणि पोलीस चुकून एकाच खोलीत भाड्याने राहतात. पण हा माणूस मन लावून सांगतो: आता खिडकीतून उजेड येतोय, तो खरा नाही, आम्ही दिवा लावलाय. आता ती डावीकडे बघते, कारण दार तिकडे आहे. दीड तास तो फक्त समोर काय आहे ते सांगतो. लोकांना हे कंटाळवाणं वाटलं असणार. मला बाबांची खुर्ची आठवली.

तुला आठवते ना? बाबा मधल्या खुर्चीत, आणि ज्याची पाळी असेल तो खुर्चीच्या डाव्या हातावर. 'आज डोळे कोण?' असं बाबा विचारायचे. माझी पाळी असली की मी सांगायचे, 'माणूस आला. माणूस बसला.' बाबा म्हणायचे, 'पोलीस रिपोर्ट नको गं, बातमी सांग.' तुझी पाळी असली की आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर येऊन उभी राहायची.

आणि ते कपाट. 'लिफ्ट बंद आहे' मधलं. दोघं मेहुणे कपाट घेऊन जिना चढतायत, तिसऱ्या मजल्याच्या वळणावर ते अडकतं, आणि कपाटाचं दार उघडून आतून वॉचमन बाहेर येतो, सलाम ठोकतो आणि म्हणतो, टोपी शोधत होतो साहेब. बाबा खोकला लागेपर्यंत हसले होते. त्यानंतर आपल्या घरात न्हाणीघरातून कोणी बाहेर आलं की विचारायचं, टोपी सापडली का? दवाखान्यात शेवटी बाबांना नळ्या लावल्या होत्या, तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी पलंगाखाली वाकून काहीतरी बघितलं आणि बाबांनी त्यांनाही तेच विचारलं होतं.

ती मालिका पूर्ण मिळतेय एका माणसाकडे. मागवली आहे. कपाटाचा भाग शोधते आणि तुला पाठवते. तो एका रबरात जाईल, तेव्हा मला कळव, अजून किती दिसतंय. नुसतं 'थोडं' एवढं लिहिलंस तरी चालेल.

ताई


१९ मार्च

प्रिय बारक्या,

अक्षर मोठं काढलंय आणि मार्करने लिहितेय. एका पानावर फार मावत नाही, म्हणून पानं जास्त आहेत. घाबरू नकोस, मजकूर तेवढाच आहे.

'लिफ्ट बंद आहे' पूर्ण बघून झाली. प्रयोगशाळेतून आले की रोज बसायचे, आई शेजारी. छान मालिका आहे, जुनी झालीये पण दात शाबूत आहेत. पण कपाट नाही.

मी आधी म्हटलं, झोप लागली असेल एखाद्या भागात. पुन्हा सुरुवातीपासून लावली. विकणाऱ्या माणसाशी भांडले, की भाग गाळलेत म्हणून. तो म्हणाला, बाई, सगळे आहेत, मोजून घ्या. मेहुणे आहेत. तिसऱ्या मजल्याचं वळण आहे. वॉचमन आहे, पण त्याच्या डोक्यावर टोपीच नाही, कुठल्याच भागात नाही. मला त्याच्या मिशासुद्धा आठवत होत्या. तर तो गुळगुळीत.

आई मटार सोलत होती. मी म्हटलं, 'आई, मला वेड लागायची पाळी आलीये, कपाट गेलं कुठे?'

ती म्हणाली, 'ते यात कसं असेल? ते तर बारक्याचं होतं.'

'बारक्याचं म्हणजे?'

'म्हणजे त्याने सांगितलं. टीव्हीवर दोघं जिन्यात उभे राहून कसल्यातरी बिलावरून बोलत होते. मी बघत होते ना. लोक हसले, आणि ह्याने कपाट आणलं.'

मी त्या दिवशी आत भांडी घासत होते, कारण भांड्यांची पाळी माझी होती. म्हणजे ते दृश्य मी कधी बघितलंच नव्हतं. नळाच्या आवाजात तुझ्या तोंडून ऐकलं होतं, आणि एवढी वर्षं मला ते डोळ्यांसमोर दिसत होतं, मिशांसकट.

मी म्हटलं, 'बिचारे बाबा. त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.'

आईने मटाराची शेंग खाली ठेवली आणि मला वेड्यात काढल्यासारखं बघितलं. म्हणाली, 'न कळायला काय झालं? कपाट जिन्यात आपटल्याचा आवाज नको का यायला? दिसत नव्हतं त्यांना, ऐकू तर येत होतं. त्याच दिवशी मला म्हणाले, पोरगं टीव्हीपेक्षा चांगलं सांगतं. त्याला बोलू नकोस, नाहीतर खरं सांगायला लागेल.'

बारक्या, मी हे लिहायला दोन वेळा बसले आणि दोन्ही वेळा उठले. तुला माहीत होतं का, की बाबांना माहीत आहे? की तू इतकी वर्षं मनात धरून बसलायस, की आपण आंधळ्या माणसाला फसवलं? तू बाबांच्या शेवटच्या दिवसांत त्यांना काही वाचून दाखवायचा नाहीस, पेपरसुद्धा नाही. मी तुला तेव्हा आळशी म्हटलं होतं. आता वाटतं, तुला तुझ्याच तोंडाची भीती वाटत होती. मला हे तुला समोर बसून सांगायचंय. तुझ्या खुर्चीला हात आहेत का तेही मला माहीत नाही.

फोनवरचा तुझा निरोप मी अजून पुसलेला नाही. 'ताई, येऊ नकोस. आलीस तर दार उघडणार नाही.' तू एकदा म्हणालास की म्हणालास, लहानपणीसुद्धा माळ्यावर चढून बसायचास आणि जेवायला उतरायचा नाहीस. मी खाली ताट घेऊन उभी राहायचे. आत्ताही तेच चाललंय, फक्त ताटात डिस्क आहेत.

एक ओळ लिही. रागाची चालेल.

ताई


८ एप्रिल

ताईंना नमस्कार,

तुम्ही मला ओळखत नाही. मी तुमच्या भावांच्या वरच्या मजल्यावर राहते आणि गाडी शिकवते. माझ्या गाडीवर मोठ्या अक्षरात 'शिकाऊ' लिहिलेलं असतं, त्यामुळे लोक चार हात लांब राहतात. तुमचे भाऊ थेट येऊन धडकले, तेही गाडी उभी असताना. तेव्हापासूनची ओळख.

तुमची पत्रं त्यांना मी वाचून दाखवते. त्यांना आता वाचता येत नाही. मधोमध थोडा उजेड-अंधार कळतो तेवढंच. तुमचं खोकं आलं तेव्हाही असंच होतं. एका रबराचा गठ्ठा त्यांनी हातात घेतला, रबर ओढून सोडलं आणि म्हणाले, ताईला उशीर झाला. तुम्हाला हे लिहू नये असं वाटत होतं, पण तुम्ही सारखं विचारताय.

आता मुद्द्यावर येते. तुमचं पहिलं पत्र मी होतं तसं वाचलं. बाकावर हसलात ते आणि सगळं. त्यांनी ऐकून घेतलं, थँक्यू म्हणाले आणि मग पलंगावर भिंतीकडे तोंड करून झोपले ते दुसऱ्या दिवशी मी दार वाजवून वाजवून उठवलं तोवर. जेवले नव्हते. तेव्हा मी ठरवलं, की रस्ता खराब असला तर वळण घ्यायचं. दुसरं पत्र मी माझ्या मनाने वाचलं. तुम्ही दात बनवता एवढं घेतलं, पुढचं मी लावलं. तुमच्याकडून दोन शेजाऱ्यांच्या कवळ्यांची अदलाबदल झाली आणि दोघंही परत द्यायला तयार नाहीत, कारण शेजाऱ्याच्या दातांनी जेवण गोड लागतं, असं काहीतरी सांगितलं. ते हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघितलं. मग मला थांबता येईना, न आलेली पत्रंही मी वाचून दाखवली. तुमच्या नावावर बरंच काही घडलंय, एक माकडही आहे.

डिस्क आम्ही बघतो. एका रबराच्यासुद्धा. मला दिवसभर शेजारी बसून समोरचं सांगायची सवय आहे, तेच इथे करते. 'समोर माणूस, हातात बशा, वेग जास्त, डावीकडून बाई येतेय, ब्रेक नाही.' ते म्हणतात, असं कोणी सिनेमा सांगत नाही. पण रोज विचारतात, आज येणार का.

तुमचं मार्करने लिहिलेलं पत्र मी वाचलं नाही. म्हणजे मी वाचलं, त्यांना नाही. तुमच्या वडिलांचं आहे त्यात. ते माझ्याने बदलवेना आणि तसंच वाचायचा धीरही होईना. कपाटात ठेवलंय. काय करू ते कळवा.

तुम्ही रागावाल. रागवा. मी चूक केली असं मला वाटत नाही, पण तुम्हाला न सांगणं चूक झाली असती.

तुमची,
वरच्या मजल्यावरची


१४ एप्रिल

वरच्या मजल्यावरच्या बाईंना,

माझ्या हातून कधीही कवळीची अदलाबदल झालेली नाही. प्रत्येक साच्यावर नाव असतं, मी ते स्वतः कोरते. असं काही झालं तर मला कामावरून काढतील. आणि माकडाचं तर मला विचारायचंही नाही.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मी एक आख्खा जबडा बिघडवला. मेण वितळून हातावर सांडलं. मला वाटत होतं, मी भावाशी बोलतेय. जपून जपून एकेक शब्द लिहीत होते, त्याला लागू नये आणि तरी कळावं म्हणून. आणि तिकडे माकड चाललं होतं. तुम्हाला काय अधिकार, असं मी चार वेळा लिहिलं आणि चार कागद फाडले. कारण पुढचं वाक्य सुचेना. अधिकार तुम्हाला नाही, आणि मला असून उपयोग काय झाला? माझ्या खऱ्या पत्राने तो भिंतीकडे तोंड करून झोपला. तुमच्या खोट्याने जेवला.

आईला मी काहीच सांगितलेलं नाही. ती विचारते, वाचलं का त्याने, काय म्हणाला. मी म्हणते, कामात असेल. डोळे गेलेल्या माणसाला कसलं काम, ते ती विचारत नाही.

तर असं करा. माझी पुढची पत्रं तुम्हाला हवी तशी वाचा. त्याच्या डाव्या बाजूला बसता का? तिथे बसा, आमच्याकडे ती जागा असते. वेटरच्या सिनेमात मात्र बशांकडे नाही, मानेकडे बघा आणि ते सांगा.

पण मार्करचं पत्र जसंच्या तसं वाचा. अक्षर मोठं आहे, तुम्हाला सोपं जाईल. वाचताना थांबू नका आणि मध्ये पाणी द्यायला उठू नका. नंतर तो भिंतीकडे वळला तर मला सांगू नका. नाही, सांगा.

ताई


२ मे

प्रिय बारक्या,

हे पत्र मी टपालात टाकणार नाही. टाकलं तर बाई वाचतील, आणि तुला सगळं ठाऊक आहे हे त्यांना कळू देऊ नकोस म्हणून तू लिहिलंयस.

तुझं पाकीट आज आलं. वरचा पत्ता बाईंच्या अक्षरात होता, आतला कागद तुझा. तू कागदाच्या काठाला काहीतरी टेकवून सुरुवात केली असशील, कारण पहिल्या ओळी सरळ आहेत. त्या मला वाचता आल्या. 'ताई, बाईंनी ते पत्र वाचलं. एक शब्द बदलला नाही, आवाजावरून कळलं. मधली पत्रं तुझी नव्हती हेही पहिल्या दिवशीच कळलं होतं. तुला विनोद सांगता येत नाही. त्यांना बोलू नकोस, नाहीतर खरं वाचायला लागतील.'

हे शेवटचं तू मुद्दाम बाबांसारखं लिहिलंस की तुझं तुलाच तसं आलं, ते मला कळायला मार्ग नाही. मी ते वाचलं आणि कामाचा एप्रन तसाच अंगावर ठेवून दारातल्या स्टुलावर बसले.

कारण त्यापुढचं वाचता येत नाही. तुझा हात घसरला असणार. ओळीवर ओळ, त्यावर आणखी ओळ, दोन्ही बाजूंनी भरलेला कागद आणि मला त्यातला एक शब्द सुटा होत नाही. दिव्यापुढे धरला. प्रयोगशाळेतलं भिंग आणून लावलं, ज्याने मी दातावरची चीर शोधते. 'बाबा' असं दोन ठिकाणी असावं. बाकी नुसती शाई. तू बहुतेक सगळं लिहिलंयस, मला जे पाहिजे होतं ते सगळं, आणि मला ते कधीच वाचता येणार नाही. तुला पुन्हा लिही म्हणावं तर बाईंमार्फत म्हणावं लागेल. माझे डोळे चांगले आहेत, बारक्या. डॉक्टरांनी लिहून दिलंय.

आई स्वयंपाकघरात बसली होती. तिने तिथूनच विचारलं, 'त्याचं आलं ना? वाच.'

मी वाचलं. पहिल्या ओळी वाचल्या त्या खऱ्या होत्या, विनोदाच्या ओळीसकट. मग थांबायला हवं होतं. पण ती वाट बघत होती, हातातली सुरी तशीच धरून. मी पुढे वाचत गेले. तू जेवतोस नीट. खोलीत ऊन येतं ते तुला गालावर कळतं. वेटरच्या सिनेमात तुला बशा पडायच्या आधीच हसू येतं. पोलीस रिपोर्टच होता सगळा, मला दुसरं जमत नाही. आई ऐकत होती. आई हसलीसुद्धा, जरा उशिराने.

मग तिने विचारलं, 'ये म्हणालाय का?'

मी म्हटलं, 'हो.'

'कुठे म्हणालाय? दाखव.'

आईची नजर अजून सुईत दोरा ओवण्याइतकी आहे, हे तुला माहीत आहे. मी कागद दिला, दुसरं काय करणार. तिने तो उजेडात धरला, पाठपोट बघितला, एवढा वेळ बघितला की मला वाटलं आता रडेल. मग तिने त्या शाईच्या गिचमिडीवर एका जागी बोट ठेवलं.

'हे काय, स्वच्छ लिहिलंय की,' ती म्हणाली. 'ये म्हणतोय. तू जा. शेजारची दुपारी येऊन बसेल, मी विचारलंय तिला.'

शेजारणीला तिने कधी विचारलं, ते मी विचारलं नाही. तिने कागदाची घडी केली आणि माझ्या एप्रनच्या खिशात घातली.

तेव्हा मी येतेय. हे पत्र बरोबर आणतेय, ते मीच तुला वाचून दाखवणार, बाई नसताना. तू बोलावलेलं नाहीस हे मला माहीत आहे. बोलावलं असशील तर ते त्या कागदात आहे आणि नसशील तरी त्याच कागदात आहे. दार उघडलं नाहीस तर मी जिन्यात बसेन आणि दाराला तोंड लावून काय दिसतंय ते सांगत राहीन. फार काही नसेल. पायऱ्या असतील, कठडा असेल, वळणाशी एखादी बाई गाडीच्या किल्ल्या हातात घेऊन उभी असेल. कपाट अडकलेलं असेलच असं नाही, पण बघू.

आतून कोण आहे म्हणून विचारलंस, तर टोपी शोधायला आलेय म्हणून सांगेन.

ताई